तुमच्या अक्षरातला अर्ज

सर, परवा अमरावतीला विद्यापीठात जाऊन आलो. तुम्ही असतात तर संध्याकाळीच तुमच्या ओसरीवर येऊन सगळं सांगितलं असतं. आता तुम्ही नाही, ओसरी नाही, आणि मीही अकोल्याच्या दोन खोल्यांत कागद पुढे ओढून बसलो आहे. तुम्ही पाहिलं तेव्हा तिथे टेकडीच्या पायथ्याशी नुसतं गवत होतं. आता मुलींचं नवं वसतिगृह उभं राहिलं आहे, तीन मजली. त्याला लागून अभ्यासिका, समोर भोजनगृह. रंगाचा वास अजून गेलेला नाही, जिन्याच्या कठड्यावरचं प्लास्टिकही कुणी काढलेलं नाही. खिडकीतून टेकडी दिसते आणि वाऱ्याने गवत एका अंगाला लवतं. मला तिथेच उभं राहून एखादी कविता म्हणावीशी वाटली. माझी ही खोड तुम्हाला ठाऊक आहे.

माझ्या बहिणीच्या नातीला तिथे खोली मिळाली, म्हणून आम्ही गेलो होतो. बहीण तिवश्याला दिली, हे तुम्हाला आठवत असेल. सासरी फुलांची आणि भाजीची शेती. झेंडू तोडता तोडता तिचा जन्म गेला. नातीची प्रयोगशाळा संध्याकाळपर्यंत चालते, तिवश्याहून रोजचं येणं-जाणं जमेना, म्हणून हे वसतिगृह. बहिणीने आधी पलंगावर बसून तो करकरतो का ते पाहिलं, मग कपाटाची दारं उघडून लावली, मग नळाखाली हात धरला आणि ओरडली, "दादा, पाह्य रे, गरम पानी येऊन राह्यलं! आमच्या घरी जवाई आला तरी इतकी सोय नसते." नात लाजली. "आजी, हळू बोल ना." "काहून हळू? चोरी केली का आपन?" ती हसली. मी खिडकीकडे तोंड केलं.

सर, चोरी झाली होती, आणि ती मी केली होती. मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. बहीण हिवरखेडच्या आपल्या शाळेतून मॅट्रिकला पहिली आली. तुम्ही निकालाच्या दिवशीच आमच्या घरी आलात, चपला न काढता दारातूनच म्हणालात, "हिला कॉलेजात घाला." बाबा बैलाला पेंड घालत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मास्तर, पोरगी कोनाच्या घरी राहिन नाही. मुलींच्या होस्टेलात जागा भेटली तं धाडतो. नाही तं नाही." तुमच्यासाठी एवढं पुरेसं होतं. तुम्ही अर्ज मागवलात, तुमच्या त्या उभ्या, रेखीव अक्षरात भरलात, बाबांची सही घेतलीत आणि माझ्या हाती दिलात. "शेवटची तारीख पाहून ठेव. स्वतः नेऊन दे, पोष्टावर भरवसा नको." ती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "दादा, तठी लायबरी असते का रे?"

शेवटचा दिवस. अर्ज माझ्या वहीत आहे. दुपारचे तीन, वसतिगृहाची कचेरी पाचला बंद होते. कॉलेजच्या सभागृहावरून जाताना आतून कविता ऐकू येते. बाहेरगावचे कुणी कवी आलेले. मी दारात उभा राहतो, मग शेवटच्या बाकावर टेकतो, दोनच कविता ऐकून निघू म्हणून. तुम्ही वर्गात आम्हाला पुस्तक मिटायला लावून कविता ऐकवायचात, तसा मी डोळे मिटून बसतो. उघडले तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं आणि कचेरीच्या दाराला कुलूप होतं. तेवढ्यानेही काही बिघडलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो असतो, हात जोडले असते, तर एक दिवस उशिराचा अर्ज त्यांनी घेतलाही असता. पण तिथल्या बाई फार कडक, असं ऐकलं होतं. सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतील या भीतीने मी गेलोच नाही. चार दिवसांनी गावी आलो, तर तुम्ही बाबांजवळ येऊन बसला होतात. मी अंगणात उभा राहून म्हणालो, "जागा भरल्या."

बाबा म्हणाले, "म्या म्हनलंच होतं." त्यांच्या आवाजात सुटका होती. तुम्ही मात्र विचारलंत, "कोण म्हणालं भरल्या म्हणून?" मी म्हणालो, "कारकून." "त्याने अर्ज वाचला? ती शाळेत पहिली आली, हे वाचलं?" मी मान डोलावली. तुम्ही म्हणालात, "मी उद्या स्वतः जाऊन येतो." बाबा म्हणाले, "कायले हिंडता मास्तर? नाही म्हनते तं नाही." तुम्ही चहाला थांबला नाहीत. अमरावतीला गेलात की नाही, ते मी कधी विचारलं नाही. तुम्हाला कळलं होतं का, सर? त्यानंतर तुम्ही मला कधी कविता म्हणायला सांगितली नाही. मी ते तुमचं वय झालं, या खात्यात टाकून दिलं. तो अर्ज मी फाडलाही नाही. खोल्या बदलता बदलता कुठे गेला, सांगता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

परवा अभ्यासिकेत गेलो. लांबलचक टेबलं, प्रत्येक खुर्चीपाशी दिवा, भिंतीला पुस्तकं. बहीण एका खुर्चीवर बसली, टेबलावर दोन्ही तळवे ठेवून, जराही हलली नाही. तिथल्या अधीक्षक बाई तरुण आणि बोलक्या आहेत. त्यांनी सहज विचारलं, "आजी, तुम्ही कोणत्या कॉलेजात होत्या?" बहीण म्हणाली, "मी कायची वो! आमच्या सरानं फार्म भरला होता. पन माहा नंबर नाही लागला. शाळेत पहिली होतो, पन खेड्यातली पहिली. अमरावतीच्या पोरीयपुढे काय टिकनार?" हे ती कुरकुरत म्हणाली नाही, सर. हवापाण्याविषयी बोलावं, तशी म्हणाली.

जागा नव्हती एवढंच ती समजली असेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ती समजली ते असं, की तीच कमी पडली. पंचावन्न वर्षं ती हे मानत आली, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत मी बसलो होतो. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात नातीने हाक मारली, "आबाजी, आजी, इकडे बघा," आणि आमचा फोटो काढला. त्या फोटोत माझं तोंड उघडं आहे.

बहिणीला तिवश्याला सोडायला गेलो, त्या बसमध्ये मी तिला म्हणालो, "बाई, त्या फार्मचं..." तिने विचारलं, "कोनता फार्म?" मी म्हणालो, "पोरीचा. सही राहिली का काही?" "तूनंच तं केली न आत्ता. म्हातारा झाला तू दादा," म्हणून तिने मला डब्यातली पोळी काढून दिली.

हे पत्र खरं म्हणजे तिवश्याला जायला हवं. पाकीट आणलं आहे, त्यावर पत्ता लिहिलेला नाही. स्वतःशी म्हणत असतो की या वयात तिला आता कशाला दुखवायचं. पण तुमच्याशी खोटं एकदा बोललो तेवढं पुरे. घरची गेल्यापासून दर रविवारी बहिणीचा फोन येतो. ती म्हणते, "म्हन दादा एखादी कविता," आणि मी म्हणतो. माझ्या कविता ऐकणारं आता तेवढं एकच माणूस उरलं आहे, सर.