दहावीच्या पुढं काही नाही

आबा, काल कंपनीत मी लिहून दिलं की माझं शिक्षण दहावी, त्यापुढं काही नाही. खाली झोकात सही केली. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, पण हे सांगायला दुसरं माणूस सुचेना.

तुम्ही गेलात तेव्हा मी या कंपनीत लागून वर्ष झालं होतं. तुम्हाला ते कळू दिलं नाही. दौंडच्या कॉलेजात मी होतो तो तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवू तेवढीच नोकरी. पुढं तासच मिळेनात. मग शिरूरला आलो, एमआयडीसीत फाइल घेऊन फिरलो. ठेकेदारानं ती चाळून परत माझ्या हातात कोंबली. "एम.ए.? पुरातत्त्व? ओ, जास्त शिकलेला टिकत न्हाई. दहावीचं सर्टिफिकेट तेवढं आणा." इकडं ही रीतच आहे. माझ्या लाइनवर दोन इंजिनिअर दहावी पास म्हणून उभे आहेत. डब्याला एकत्र बसतो, पण कॉलेजचा विषय कुणी काढत नाही. तुम्ही मात्र पारावर शेवटपर्यंत प्रोफेसराचा बाप म्हणूनच बसलात.

आणि मला हे वेड लावलं कुणी? तुम्हीच की! तरुणपणी तुम्ही इनामगावच्या खोदकामावर पाट्या वाहिल्या. साहेब लोक खापराचा तुकडा ब्रशानं पुसतात आणि कुणाचं घर कुठं होतं ते सांगतात, हे बघून तुम्ही जे हबकलात ते कायमचे. मी त्याच शिक्षणाला लागलो तेव्हा गावभर सांगत सुटलात, "पोरगं खोदकामाचं शिकतंय." झालं! एक मामा नारळ घेऊन दारात हजर. "बोर कुठं घिऊ? पाणी कुठं लागंल?" मला हसू आवरेना. ते गेल्यावर तुम्ही असे कडाडलात, "दात काढू नगंस! त्याला तुझ्याबिगर इचारायला कोण हाय?" तुमचं बरोबर होतं. त्या शिक्षणाला गावात तेवढंच एक गिऱ्हाईक आलं.

परवा कायम होणाऱ्यांची यादी लागली. दहा वर्षांनी माझं नाव त्यात आलं. फक्त एक कागद भरून द्यायचा होता: शिक्षण यापेक्षा जास्त नाही, खोटं निघाल्यास कामावरून कमी करावे. रात्रीची झोप उडाली होती. बायको म्हणाली, "करा सही. पोरीची बारावी हाय, आता कुठं दारोदार फिरणार?" बारावीनंतर कोणती लाइन घेऊ, असं पोरगी मला रोज विचारते. मला, आबा! काय सांगू तिला?

ऑफिसातला साहेब इकडच्याच कवठे येमाई गावचा निघाला. त्यानं विचारलं, "दहावीनंतर मधली वर्षं काय केलं? गॅप चालत न्हाई." काही ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं, "वडलांबरोबर मेंढरं राखली."

त्यानं पेन खाली ठेवलं. "व्हय? आमचीबी मेंढरं होती. दिवाळी झाली की कोणत्या घाटानं कोकणात उतरायचा तुम्ही?"

तुम्ही मला एक दिवस मेंढरांमागं येऊ दिलं नाही, म्हणायचात, "तू पुस्तक बघ." सहा सहा महिने तुम्ही कुठं असायचात, ते मी कधी विचारलं नाही. हजारो वर्षांमागं इनामगावची माणसं काय खात होती, ते मला तोंडपाठ आहे. माझ्या बापानं त्या वाटेवर काय खाल्लं, ते मला ठाऊक नाही.

सगळं साहेबाच्या ध्यानात आलं, हे मला दिसत होतं. मग त्यानं रकान्यात 'मेंढपाळ' लिहिलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. हळूच म्हणाला, "करा सही, सर."

आता मी कायम झालो. हे पत्र तुमच्या फोटोपुढंसुद्धा ठेवणार नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मोठ्यानं वाचावं लागेल, आणि घरात पोरगी अभ्यासाला बसलीय. एवढंच कबूल करतो, की तुमच्याबरोबर मेंढरं राखल्याचं ते खोटं बोलताना, घाटाचा प्रश्न येईपर्यंत, मला फार बरं वाटलं होतं.