मोज्यातला चाकू

लुईस बेट, स्कॉटलंड, मार्चअखेर
(वारा नेहमीच्याच बाजूने)

ती. अँगसदादा यास,

धाकट्या केनेथिनाचा वाकून नमस्कार. (वाकले खरी, पण सरळ होताना टेबल धरावं लागलं. तेव्हा नमस्कार पुरेपूर पोचला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? लुईझवहिनींनी नाताळच्या कार्डात लिहिलं होतं की नवा बसवलाय आणि जुन्यापेक्षा बरा चालतो. कार्डाखालची सही तुझी की तीही वहिनींनीच केलेली, हे मी भिंग लावून पाहिलं, पण नक्की ठरवता आलं नाही. असो. इकडे सगळं ठीक. मेंढ्या अजून व्यायच्या आहेत, वाऱ्यामुळे बोट वरचेवर रद्द होते, आणि बोट आली नाही की दुकानात दूध नसतं पण गप्पा भरपूर असतात. माझी तब्येत उत्तम आहे. दुखतं ते जुनंच दुखतं, नवीन काही नाही.

पत्रास कारण काहीच नाही. हे आधीच सांगते, कारण पाकीट फोडतानाच तू वहिनींना म्हणाला असशील, ‘हिला काहीतरी हवंय.’ मला काही नको. फक्त एक बातमी द्यायची होती, ती अशी की तुझा भाचा टॉर्किल लग्न करतोय. चाळिशी उलटलेला हा घोडनवरा दाढ काढायला इन्व्हरनेसला गेला, आणि दाढ काढणाऱ्या बाईलाच पसंत पडून आला. ऐल्सा नाव तिचं. गोड मुलगी आहे, फक्त आपण बोलायला लागलो की तिची नजर डोळ्यांऐवजी दातांकडे जाते. (मी हल्ली तिच्यापुढे मोजकंच हसते.) लग्न मे महिन्यात, आपल्याच चर्चमध्ये.

आता लग्न म्हटलं की किल्ट आला, किल्ट म्हटला की गुडघ्यापर्यंतचे मोजे आले, आणि उजव्या मोज्यात चाकू आला. त्याशिवाय नवरदेव म्हणजे नुसताच घागरा घातलेला माणूस दिसतो. आजोबांचा तो शिंगाच्या मुठीचा चाकू तुझ्याकडे आहे, हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत आहे. तू तो तुझ्या लग्नासाठी कॅनडाला नेलास. तुझं लग्न लागलं, मुलं झाली, मुलांची लग्नं लागली, चाकू तिकडेच. मग आईने शेत माझ्या नावावर केलं तेव्हा तुझा निरोप आला, ‘शेत तिला, चाकू मला, मिटलं सगळं,’ आणि त्यानंतर तू या घराचा उंबरा काही ओलांडला नाहीस. तेव्हा मी तुझ्याकडे चाकू मागितलेला नाही, मागणारही नाही. एवढ्याशा पात्यासाठी कोण कुणाच्या पाया पडतं? म्हटलं, नवा घेऊ. हल्ली सगळं घरबसल्या मिळतं.

टॉर्किलने त्याचा जुना टॅब मला दिला. पहिलं दुकान अमेरिकेतलं निघालं. तिथे इतके चाकू होते की आपल्या अख्ख्या बेटाला एकेक वाटून वर पाद्रीबुवांना दोन देता आले असते. मी एक निवडला, पत्ता घातला, आणि लाल अक्षरं आली की तुमच्या देशातले कायदे फार कडक असल्यामुळे आम्ही तिकडे माल पाठवत नाही, क्षमस्व. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं की बाबांनो, तुमचा देश जन्माला यायच्या आधीपासून आमचे लोक मोज्यात चाकू खोचतायत, आमच्या कायद्यातही आमच्या पोशाखापुरती सूट आहे, आणि हा माझ्या मुलाच्या लग्नासाठी आहे. त्यांचं उत्तर आलं की लग्नाच्या शुभेच्छा, आणि चाकूऐवजी त्याच रंगाची टोपी घ्याल का. दादा, या घरात जळणाचं पीट कापायचं फावडं आहे, मेंढ्यांची कातर आहे, बाबांचा विळा आहे, आणि टॉर्किल मासे सोलायच्या कारखान्यात असल्यामुळे हातभर लांबीच्या सुऱ्या तर भांडी घासायच्या पाण्यात सापडतात. एवढ्या शस्त्रागारात बसून मी बोटाएवढा चाकू घ्यायला निघाले, तर साऱ्या जगाने माझा धसका घेतला.

दुसरं दुकान दक्षिण इंग्लंडमधलं. त्यांनी आधी जन्मसाल विचारलं. सालं बोटाने खाली सरकवायची होती, माझं येईपर्यंत बोट अवघडलं. मग पत्ता घातल्यावर एक नाही, दोन लाल ओळी आल्या. एक, घरपत्त्यावर धारदार वस्तू पाठवत नाही. दोन, बेटांवर काहीच पाठवत नाही. म्हणजे मी चाकू सोडून चहाची किटली मागवली असती तरी गुन्हेगारच. फोन लावला. एका मुलीने अगदी गोड आवाजात विचारलं, “पण तुम्ही नक्की ब्रिटनमध्येच आहात ना?” मी म्हटलं, “बाई, कर भरताना तरी असते.” तिला माझी दया आली असावी. म्हणाली, एक सुरक्षित प्रकार आहे, तो साध्या टपालाने पाठवते. आला. दिसायला देखणा, मुठीवर पिवळा खडा. टॉर्किलने मोज्यात खोचला, आरशासमोर उभा राहिला आणि ऐटीत उपसला, तर मूठ, म्यान आणि मोजा तिन्ही एकदमच वर आले. आत पातं नव्हतंच. मूठ म्यानाला चिकटवलेली. ऐल्साने मात्र तो हातात घेऊन कौतुकाने पाहिला आणि म्हणाली, “कवळी चांगली बसवलीय.”

टॉर्किल म्हणाला, “आई, सोड आता. मी मोज्यात कंगवा खोचतो, कुणाला कळतंय?” मला कळतंय. आणि खोचायचा तरी कुणी? आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. लग्नाच्या सकाळी घरातला सगळ्यात मोठा पुरुष गुडघा टेकून नवरदेवाच्या मोज्यात चाकू खोचतो. बाबांनी तुझ्या मोज्यात खोचायचा म्हणून तेवढ्यासाठी समुद्र ओलांडला होता, आणि परत आल्यावर वर्षभर फक्त तिथल्या बटाट्यांबद्दल बोलले. कंगव्यासाठी असं कोण गुडघा टेकेल?

तेव्हा तिसरं दुकान. एडिंबराचं. ते शिंगाच्या मुठीचा चाकू द्यायला कबूल झाले, पण एका अटीवर. पार्सल दारात ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात मिळेल, आणि तेही वयाचा पुरावा दाखवल्यावर. पार्सल घेऊन आला डॉनी, मर्डोचा धाकटा. त्याचा बाप्तिस्मा होताना माझ्याच मांडीवर तो ओला झाला होता. तो दारात उभा राहून यंत्राकडे बघत म्हणतो, “काकू, तुम्ही अठरा पूर्ण आहात का?” मी म्हटलं, “डॉन्या, आत ये, नीट बघ.” तर तो रडवेला झाला. “मी नाही विचारत काकू, हे विचारतंय. लायसन्स किंवा पासपोर्ट दाखवा, नाहीतर मला परत न्यावं लागेल.” मी बसचा पास दाखवला. फोटो आहे, नाव आहे, आणि तो साठीच्या आधी मिळतच नाही. यंत्राला पटलं नाही. लायसन्स माझ्याकडे नाही, कारण नवरा बस चालवायचा तेव्हा मला कधी गरज पडली नाही, आणि तो गेल्यावर शिकायचं वय गेलं. पासपोर्ट मी काढलाच नाही. (एकदा तुझ्याकडे यायचं म्हणून फोटो काढून घेतले होते. बोलावणं यायचं राहिलं.) डॉनीने माझ्या हातच्या दोन स्कोन खाल्ल्या, माफी मागितली आणि माझा चाकू घेऊन निघून गेला.

दुसऱ्या खेपेला डॉनीची सुट्टी होती आणि त्याच्या जागी मुख्य भूमीवरचा एक नवा माणूस आला होता. त्याने दुकानात विचारलं, केनेथिना मॅक्लाउड कुठे राहते? आता आपल्याकडे हा प्रश्न विचारणं म्हणजे मेंढ्यांच्या कळपात शिरून पांढरी कुठली असं विचारणं. दुकानदाराने रीतीप्रमाणे विचारलं, कुठली? बसवाली की टेकडीवरची? त्या बिचाऱ्याला बस ठाऊक नाही, टेकडी ठाऊक नाही, फक्त यंत्र ठाऊक. तो म्हणाला, “जिच्याकडे लायसन्स आहे ती.” मग काय, गेला टेकडीवर. तिने लायसन्स दाखवलं, यंत्र हिरवं झालं, कायद्याचं समाधान झालं. वय बरोबर, नाव बरोबर, फोटो बरोबर. बाई तेवढी चुकली.

ही टेकडीवरची केनेथिना कोण ते तुला आठवत असेल. माझ्या मेंढ्याने तिची कोबी खाल्ली तेव्हापासून आमचा अबोला. मेंढा केव्हाच मेला, कोबी तर त्याच्याही आधी, पण अबोला ठणठणीत आहे. तर परवा चर्चच्या चहाला ती माझ्यासमोरच बसली, पर्समधून चाकू काढला आणि चहाबरोबरच्या मारगचे तुकडे करायला लागली. शिंगाची मूठ, चांदीचं टोपण. माझ्या मुलाच्या लग्नाचा चाकू रक्ताच्या पुडिंगात आरपार जाताना मी पाहिला, दादा. शेजारणीला सांगत होती, “कुठून आला माहीत नाही बाई, कसलंतरी बक्षीस असावं.” मी काय करणार? बोलायचं नाही म्हटल्यावर मागायचं कसं? मी माझा तुकडा खाल्ला. (छान कापला गेला होता. धार चांगली आहे.)

तर अशी सगळी गंमत. तुला कंटाळा आला असेल तर वहिनींना वाचायला दे. मुलांना, नातवंडांना माझे आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझी धाकटी,
केनेथिना (बसवाली)

ता. क. आजोबांचा चाकू सहज एखाद्या खणात दिसला, तर पाठवू मात्र नकोस. मी आता या विषयात तरबेज झालेय. तुमचं टपाल घेणार नाही, घेतलं तर आमचा कस्टमवाला उघडेल, त्याने सोडलं तर यंत्र माझं लायसन्स मागेल, आणि अखेर तो टेकडीवर जाऊन मारग कापेल. मी सगळीकडे विचारलं. चाकू या बेटावर यायचा तर कुणीतरी आपल्या बॅगेत घालून, बॅग विमानाच्या पोटात टाकून, जातीने घेऊनच यायला हवा. दुसरा मार्ग नाही. हे मी माझ्यासाठी लिहीत नाही, कायदाच तसा आहे.

ता. क. २ खालच्या खोलीत पलंग लावलाय. जिना चढावा लागणार नाही. खिडकीतून शेत दिसतं. नाव माझं असलं तरी ते दिसतं पूर्वीसारखंच.

ता. क. ३ पाकीट चिकटवणार होते, पण खोटं बोलून पाठवलं तर ऐल्सा म्हणते तसे दात किडतील. टेकडीवरची केनेथिना काल स्वतः आली होती. खोक्यावर ‘लग्नासाठी’ असं लिहिलेलं तिने उशिरा वाचलं. चाकू धुऊनपुसून आणला होता. मी तिला आत घेतलं, किटली चढवली, आणि ती अंधार पडल्यावर गेली. तेव्हा चाकू घरात आहे, कपाटाच्या वरच्या खणात, आणि तुझ्याजवळचा नसला तरी चालेल. तो तिकडेच राहू दे, तुझाच आहे. दादा, मला चाकू नकोच होता. गुडघा टेकणारं कुणी नाही. तुझा नवा आहे ना, मग एवढा एकदा टेकवून जा.