शांतव्वा जेवत नाही

२७ सप्टेंबर

मोहोळच्या पुढे गाडी सोडली, मग ट्रॅक्टर. सीना नदी अजून शेतातच. ऊस आडवा, त्यावर गाळ. छावणी जि. प. शाळेत, चारही वर्ग भरलेले. सरपंचांनी ओळख करून दिली, "ह्या मनाच्या डॉक्टरीनबाई." डॉक्टर नाही, समुपदेशक, असं सांगून पाहिलं. सोडून दिलं.

फॉर्म भरायला बसले. "गेल्या काही दिवसांत कशातच आनंद वाटत नाही, असं होतं का?" हे वाचलं आणि बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. "आनंद? म्हशी गेल्या की ताई." मीही हसले. फॉर्म पिशवीत.

दुसऱ्या वर्गात फळ्याखाली एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून. शांतव्वा. मुलगा मल्लिनाथ म्हणाला, बोटीतून आणल्यापासून जेवलेली नाही, घोट घोट पाणी घेते तेवढंच. आज तिसरा दिवस. हाक मारली, वळली नाही. माहेर अक्कलकोटकडचं, पण लग्न होऊन पन्नास वर्षं इथेच, मराठी चांगलं बोलते म्हणे. आता जे काही पुटपुटते ते कानडीत. "ऊटा ब्याड." जेवण नको. एवढंच.

२८ सप्टेंबर

ताट परत. सलग चौथा दिवस.

स्वयंपाक छायाबाईंकडे. बौद्ध वस्तीतल्या, एरवी उसाच्या टोळीवर मुकादमीण, इथे पहिल्याच दिवशी चूल ताब्यात घेतली. भाकरी, आमटी, सगळ्यांना सारखी. आज ताट परत आलं तेव्हा एक बाई मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "तिला ह्येंच्या हातचं नको असंल." छायाबाईंनी पळी पातेल्यात आपटली, बास.

मला वाईट वाटलं ते याचं, की मलाही क्षणभर तेच वाटून गेलं.

मल्लिनाथला बाजूला घेऊन विचारलं. त्याचा चेहरा पडला. "न्हाय ओ ताई. खुरपायला दोघी एका बांधावर जेवायच्या."

छावणीचे डॉक्टर तरुण आहेत, पण घाबरट नाहीत. म्हणाले, रक्तदाब खाली चाललाय, वय सत्तरीचं, परवापर्यंत बघू, नाहीतर सोलापूरला हलवायचं. सलाईन आणि मनोविकार वॉर्ड. नोंदीत मी लिहिलं, "तीव्र नैराश्य?" प्रश्नचिन्ह लिहून बघत बसले. तिच्याशी चार वाक्यं झालेली नाहीत आणि मी नाव ठेवून मोकळी.

सोलापुरात घरी, भवानी पेठेत पोचले तर आई दारातच, "तिन्नावा?" जेवलीस का. आमच्याकडे काळजीचा हाच एक शब्द. तेलुगूतच विचारते, मराठीत कधी नाही. जेवताना शां. डोक्यातून जाईना.

२९ सप्टेंबर

आज छायाबाईंनीच चुलीपाशी बोलावलं.

"ताई, तिचा हात बघितलाव का?"

"कसला हात?"

"सकाळी तोंड धुतलं की हात गळ्याकडं जातोय. हितं. चाचपती, मग खाली घेती. दोन दिस बघतीय मी. मला वाटलं बोरमाळ शोधती, पन ती हाय की."

मी दोन दिवस तिच्या ताटाकडेच बघत होते.

मल्लिनाथला विचारलं, आईच्या गळ्यात आणखी काय असायचं? तो आधी "काय न्हाय" म्हणाला. मग खाली बसला. "लिंग. चांदीच्या डबीत. लहानपनापासनं." लिंगायतांचं इष्टलिंग; त्याची पूजा केल्याशिवाय ती अन्न घेत नाही, तापातसुद्धा नाही. तो स्वतः घालत नाही, त्यामुळे ध्यानातच आलं नाही. बोटीत चढवताना दोरा तुटला असणार. ती परत पाण्याकडे वळत होती आणि त्यानेच तिला कमरेला धरून आत ओढलं. "मला वाटलं, शेळीसाठी वरडती."

शां. शेजारी बसले. फॉर्ममधलं काही विचारलं नाही. म्हटलं, अव्वा, लिंग नदीत गेलं का?

मान वळली. पहिल्यांदा डोळ्यात बघितलं. "होयतु," म्हणाली. गेलं. आणि मग रडली, आवाज न करता, फार वेळ. छायाबाई दारात उभ्या होत्या, पीठ लागलेले हात तसेच.

सोलापुरातल्या एका मठात फोन लावला. स्वामींनी ऐकून घेतलं. म्हणाले, लिंग गेलं की जीव ठेवू नये असं मानणारी काही जुनी माणसं असतात, तिनं तेच धरलं असेल. तेच पुढे म्हणाले, "असं धरून बसायचं नसतं. उद्या येतो."

डॉ.ना सांगितलं. "तुम्ही म्हणता ते खरं असेलही, पण शरीर थांबणार नाही." शेवटी उद्या दुपारी बारापर्यंत मुदत. तोवर साखरमिठाचं पाणी घ्यायचं, हे मल्लिनाथने आईला कबूल करायला लावलं. जबाबदारी माझी, असं मी म्हणून बसले. कोणी म्हणायला सांगितलं नव्हतं.

३० सप्टेंबर

दहा वाजले, स्वामी नाहीत. साडेदहा. फोन लागेना. डॉ. रुग्णवाहिकेशी बोलत होते, मला ऐकू येईल अशा बेताने. अकराला मी फाटकापाशी. चुकलं असेल तर? म्हातारीच्या जिवावर मी काय सिद्ध करायला निघालेय, असंही मनात येऊन गेलं.

सव्वाअकराला ट्रॅक्टर. स्वामी तिशीचे, चष्मा, भगवं वस्त्र गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलाचे. आधी पाय धुतले. वर्गातल्या बायकांनी न सांगता एक कोपरा रिकामा केला, चादर धरली. त्यांच्यात परवाची ती बाईही होती.

आत काय झालं ते मी पाहिलं नाही. कानडीतलं बोलणं नुसतं ऐकलं. शां.चा आवाज एकदा चढला, मग उतरला. मल्लिनाथ माझ्या शेजारी उभा. विचारलं, काय म्हणतात? त्याला नीट सांगता येईना. "म्हनत्यात, नदीनं नेलं, तू टाकलं न्हाईस. दोष न्हाय तुझा." आणि मग तोही भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पूजा झाली. चादर खाली. गळ्यात नवा दोरा, डबी अजून नाही, पांढऱ्या फडक्यात बांधलेलं नवं लिंग. छायाबाई मऊ भात घेऊन आल्या, पण दोन हातांच्या अंतरावर थांबल्या. ताट पुढे करेनात. शां.नेच हात लांब केला. "आण की गं."

चार घास. पाचव्याला मराठीत म्हणाली, "मीठ कमी हाय."

छायाबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की बाहेर पोरं आत डोकावली. मग पदर तोंडाला लावून चुलीकडे पळाल्या.

डॉ.नी घड्याळ बघितलं नाही, रुग्णवाहिकेला फोन केला, नको म्हणून. मला म्हणाले, "नोंदीत काय लिहायचं?" मी म्हटलं, आहार सुरू. परवाचं तीव्र नैराश्य प्रश्नचिन्हासकट खोडलं. बाकीच्यासाठी रकाना नाही.

घरी येऊन इतकी गाढ झोपले, संध्याकाळी आईने हलवून उठवलं.

३ ऑक्टोबर

दोन दिवस दुसऱ्या गावी होते. आज परत. शां. पोरींना शेवया वळायला शिकवतेय, चुकलं की दम देते. रात्री मात्र दचकून उठते, पाण्याचा आवाज येतो म्हणते. आता स्वतः सांगते तरी. मला विचारलं, "तुला बी येतो का?" नाही म्हटलं. "बरं हाय," म्हणाली.

ती बाई छायाबाईंशी अजून बोललेली नाही. भाकऱ्या थापायला मात्र येऊन बसते.

५ ऑक्टोबर

पाणी उतरलं. लोक घरं बघायला निघाले. मल्लिनाथला आजच आईला न्यायचं होतं. ती म्हणाली, नदीच्या घरात मी राहणार नाही. तो म्हणाला, मग कुठं? दुसरं घर आहे कुठं? दोघांचंही खरं.

बघून तरी येऊ, एवढ्यावर तयार झाली. मीही सोबत. मठाच्या माणसाने आणलेली नवी डबी तिने पदराखाली धरलेली. बाभळीच्या वळणापर्यंत नीट चालली. तिथून घराचे पत्रे दिसतात, मागे नदी. थांबली. खालीच बसली.

"चल की आई. हितनं जवळ हाय."

"तू जा. मी हितनं बघते."

मल्लिनाथने माझ्याकडे पाहिलं. तो फावडं घेऊन पुढे गेला. थोड्या वेळाने दारातून गाळ बाहेर पडताना दिसायला लागला. ती बघत होती. मधेच म्हणाली, "उंबऱ्यापासून काढाय पायजे व्हता, मधनं सुरू केलाय," पण उठली नाही.

मी पण तिथेच बसले.