मोंटाना, ब्रेडी आणि माझं ठिकाणावर असलेलं डोकं

मी, गोपीनाथ केशव मालशे, वय एकोणसत्तर, निवृत्त मरीन इंजिनिअर, मूळचा रत्नागिरीचा, हल्ली राहणार हौगांग, सिंगापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. शुद्धीबद्दल पुढे सविस्तर येईल, कारण सगळी गोम तिथेच आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. राहता फ्लॅट पत्नी सौ. सुलभा हिच्या व माझ्या नावावर आहे, म्हणजे माझ्यामागे तो आपोआप तिचाच. हे लिहायची गरज नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. तरी लिहितो. मला हल्ली लिहिलेलंच खरं वाटतं. बँकेतली शिल्लकही सुलभाचीच.

कलम २. माझ्या पान्यांची पेटी जावई परेश यांस द्यावी. नळ गळला की हे गृहस्थ आधी फोन शोधतात, पण पाने चांगले आहेत, वाया जाऊ नयेत.

कलम ३. व्यवस्थापक म्हणून मुलगी अनुया हिला नेमतो. पुढचं कलम वाचून ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, विलमध्ये फुटबॉल? कॅनॉट लाह!" कॅन. मृत्युपत्र माझं आहे.

कलम ४. अमेरिकन फुटबॉलमधला आजवरचा सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक जो मोंटाना हाच होय. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात येताच, अंगावर धिप्पाड माणसं धावून येत असताना, तो कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा गडी. सुलभा त्याला 'पावपाठ्या' म्हणते. जहाज अमेरिकेत ओकलंडला दुरुस्तीला लागलं होतं, तेव्हा खलाशांच्या क्लबात टीव्हीवर मी मोंटानाला पहिल्यांदा पाहिला. सगळे घाईत आणि हा एकटाच निवांत. इंजिनरूममध्ये आग लागल्यावर असा माणूस शेजारी असावा. सुपर बोल, म्हणजे तिथला वर्षाचा अंतिम सामना, चार वेळा खेळला, चारही जिंकला. टॉम ब्रेडीने सात जिंकले, कबूल. पण तो दहा वेळा गेला आणि तीनदा हात हलवीत परत आला.

या मताला विरोध असलेला इसम म्हणजे इथल्याच बिशान भागातले श्री. श्रीनिवास भडकमकर, माझा मित्र, मूळचा पक्का पुणेकर. सात म्हणजे सात, हा त्याचा एकमेव मुद्दा, आणि तो मुद्दा तो वर्षानुवर्षं माझेच पोहे खात मांडत आला. सुपर बोल आपल्याकडे सोमवारी सकाळी दिसतो. नोकरीत असताना त्या सोमवारी श्रीनिवास न चुकता आजारी पडायचा.

या फेब्रुवारीत सुपर बोलच्या सकाळी, मंडळी आमच्या घरी जमलेली असताना, वाद पेटला आणि मी म्हणालो, मोंटाना आयुष्यभर एकाच संघाकडून खेळला. श्रीनिवास म्हणाला, "अरे, शेवटची दोन वर्षं कॅन्सस सिटीला होता ना?" मी म्हटलं, शक्यच नाही. मी ऐकेना, ओरडलो. तेव्हा सगळ्यांसमोर तो म्हणाला, "गोप्या, तुझं डोकं ठिकाणावर नाही." मी त्याला दार दाखवलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं होतं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले होते. विसरभोळेपणा नाही, आजाराची सुरुवात आहे, म्हणाले. हे श्रीनिवासला ठाऊक नव्हतं. हे वाचतानाच त्याला कळेल.

तेव्हापासून मला चैन नाही. गॅस बंद केला का ते पाहून येतो, मग पाहिलं का ते पाहायला पुन्हा जातो. आताही हे कलम सोडून उठलो होतो. कॅन्सस सिटी मला ठाऊक होतं हो. ते सामने मी पाहिले आहेत. त्या सकाळी ते सापडलं नाही, आणि आता काय काय सापडणार नाही याची भीती वाटते.

कलम ५. श्रीनिवास भडकमकर यांस मी काहीही देत नाही. हे रागाने नव्हे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा इथला कायदा आहे, आणि मला त्याची सही हवी आहे. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कायद्याला तो पुरेल, मला पुरत नाही. माझ्या तोंडून चुकीचं वाक्य निघालं तर ते सोडून न देणारा माणूस मला एकच माहीत आहे. त्याने सही केली तर माझं डोकं अजून माझं आहे, असं मी धरून चालेन. नाही केली, तर वकीलबाई दुसरा साक्षीदार बघतील. अनुया त्याला आणायला बिशानला गेली आहे. लिफ्टचा आवाज झाला की मी दारात जातो.

ठिकाण : हौगांग, सिंगापूर
दिनांक : २२ मार्च २०२५

(सही) गोपीनाथ केशव मालशे

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली. आम्हीही त्यांच्या व एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

साक्षीदार १ : (सही) श्रीमती टॅन स्यू हून, शेजारी

साक्षीदार २ : सगळं वाचलं. एवढा चुकीचा मुद्दा इतक्या नीट मांडणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावरच आहे. त्या दिवशी बोललो ते शब्द मागे घेतो. ब्रेडीबद्दलचा एकही शब्द मागे घेत नाही. गोप्या, तुला जे सापडणार नाही ते मला विचार.
(सही) श्रीनिवास भडकमकर