डायलवरचा एक आणि शाफ्टवरचे दोन

एस्तान्सिया, रविवार

आदरणीय मानोंग तेरियो,

धाकट्या भावाने लावावा तसा तुमचा हात कपाळाला लावून सुरुवात करतो. बोटीवरचं जेवण अजून तसंच आळणी आहे का, आणि गुडघा जिने चढू देतो का, ते कळवा. इकडे सगळे ठीक. तुमची बहीण निमफा हिचा खोकला गेला, आणि लाल कोंबडाही गेला (दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही). हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुमचा फोन येतो तेव्हा मानांग पसिंग शेजारी उभी असते, आणि नवऱ्याशी तिचं बोलून होईपर्यंत माझ्या वाट्याला फक्त 'बरं, ठेवतो' येतं. शिवाय मला जे सांगायचं आहे ते तिच्यासमोर सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र चुलतभाऊ रोमुलोबरोबर पाठवतो. तो आज रात्री तुमच्याच बोटीवर चढणार आहे.

मुद्दा लेथचा आहे. तुम्ही जाताना म्हणालात, वर्षभर मशीन ओनिंग, म्हणजे मी, चालवेल. मानांगने तेव्हाच अट घातली होती की एक काम बिघडलं, तर मशीन रोहासच्या गिऱ्हाइकाला द्यायचं आणि शेडमध्ये सुकी मासळी ठेवायची. ते गिऱ्हाईक उद्या, सोमवारी येतंय. आणि काम बिघडलं होतं. मशीन गेलं तर मी काय करणार, हे तुम्हाला सांगायला नको. शाळेची कार्यशाळा बंद झाल्यापासून मला दुसरं काही येत नाही, आणि मासळी खारवण्यात मला गती नाही.

काम तिया कार्मेच्या बोटीचं होतं. यंदा सणाच्या मिरवणुकीत सान पेद्रोची मूर्ती समुद्रातून तिच्या बोटीवर न्यायची होती. अकरा वर्षं ती या मानाची वाट पाहतेय. नेमका तिच्या बोटीच्या पंख्याचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, वाकला, आणि ती नवा स्टेनलेसचा बार तीनचाकी ट्रायसिकलवर आडवा बांधून आपल्या दारात आली. (बार दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आला होता, की बाजारातल्या दोन पाट्या त्याने आडव्या केल्या.)

"तोतो, पोरा, रविवारी सान पेद्रो पाण्यात उतरणार. माझी बोट नाही उतरली, तर मूर्ती त्या पलीकडच्या दामासोच्या बोटीवर जाईल. मग मी चर्चमध्ये कुठल्या तोंडाने बसू?"

"होईल, तिया."

"तेरियो असता तर मी विचारलंही नसतं," ती म्हणाली आणि बाकावर बसून शेंगा सोलू लागली. ती गेलीच नाही. ती बघणार होती.

आता तुम्ही माझी परीक्षा घ्याल, म्हणून उत्तरं आधीच लिहितो. सुतार लाकूड धरून ठेवतो आणि रंधा फिरवतो. लेथवर उलटं असतं. काम फिरतं, आणि टूल जागेवर गप्प राहतं. एका टोकाला चक तीन जबड्यांत बार धरतो, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक त्याला टेकू देतो. टूल बारच्या लांबीने सरकलं की गोलाई निघते, समोरून आत सरकलं की तोंड सपाट होतं. फिरण्याचा आणि सरकण्याचा मेळ गिअरने बसवला की आटे पडतात, आणि आत घातलं की भोक मोठं होतं. शाफ्ट, बुश, बोल्ट, पुली, गावातल्या यंत्रात गोल म्हणून जे काही आहे ते एवढ्या चारपाच हालचालींतून निघतं. हे सगळं मी तिया कार्मेलाही समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे सोलतोस." खरं आहे. सोलतो. फक्त सोललेलं परत चिकटत नाही.

बार चाळीस मिलिमीटरचा होता, शाफ्ट ज्या कड्यात फिरतो त्या बुशमध्ये बसायची जागा अडतीस हवी होती. टूल आत ढकलणाऱ्या हँडलच्या डायलवर मी अर्धा दिला, चुरा निघाला, कॅलिपरने मोजलं तर एकोणचाळीस. एक गेला होता. माझ्या मनात आलं, बार मुळातच बारीक असेल. (इथे तुम्ही कपाळावर हात मारला असेल. मारा.) एक उरलाय म्हणून मी डायलवर एक दिला, कारण शाळेच्या लेथवर एक दिला की जाडीतून एकच जायचा. तिथला डायल जाडी दाखवायचा. तुमचा म्हातारा डायल टूल किती आत गेलं तेवढंच दाखवतो, आणि काम फिरत असल्यामुळे तेवढं दोन्ही बाजूंनी जातं. चकचकीत, एकसारखा, बघत राहावा असा सदतीसचा शाफ्ट तयार झाला.

तिया म्हणाली, "किती छान दिसतोय!" मी कॅलिपर खिशात घातला.

दुसरा बार मागवायचा तर इलोइलोहून यायला आठवडा. शुक्रवार होता. मी मशीन बंद करून स्टुलावर बसलो तेवढ्यात मानांग पसिंग उकडलेली केळी घेऊन आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, शाफ्टकडे पाहिलं, आणि ताटली खाली ठेवली.

"पुरा एक दिलास ना?"

मी कॅलिपर खिशातून काढून तिच्यापुढे धरला.

"तेरियो नेहमी हवं त्याच्या निम्मं फिरवतो. वीस वर्षं त्याचा डबा घेऊन इथे उभी राहतेय मी, मला काय डोळे नाहीत?"

मी मनात म्हटलं, झालं, मासळी आली शेडमध्ये. तर ती म्हणते, "शाफ्ट आता वाढायचा नाही. बुशचं भोक लहान कर. ऊठ, गनमेटल शोध."

भंगारवाल्याकडे एका जुन्या व्हॉल्व्हचा गनमेटलचा, म्हणजे काशासारख्या धातूचा, तुकडा मिळाला. बाहेरून जुन्या बुशएवढा केला, आतून सदतीसला जेमतेम मोकळा, पाण्याचा पातळ थर खेळेल एवढा. शनिवारी दुपारी बुश ठोकून बसवला, शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. आज सकाळी सान पेद्रो तिया कार्मेच्या बोटीवर उभा राहून बेटाला वळसा घालून आला. बोट थरथरली नाही. दामासो मागून येत होता आणि त्याच्या इंजिनाचा धूर त्याच्याच तोंडावर येत होता.

म्हणून विनंती, मानोंग: उद्याच्या आत फोन करून मानांगला सांगा, की मशीन विकू नको. काम बिघडलं हे खरं, पण निभावलं हेही खरं.

तुमचा आज्ञाधारक,
ओनिंग

ता. क. (सोमवार) रोमुलोचं निघणं लांबलं, म्हणून हे जोडतो. फोन करू नका. गिऱ्हाईक येऊन गेलं. मानांगने त्याला कॉफी दिली आणि विचारलं, "दोनने जाडी कमी करायची तर या डायलवर किती द्याल?" तो म्हणाला, दोन. तिने त्याला दुसरी कॉफी दिली नाही.

ता. क. २ (मंगळवार) पत्र मानांगने वाचलं. मी पाकीट नीट बंद केलं नव्हतं. ती म्हणाली, सगळं बरोबर आहे, फक्त बुश आतून कोणी कापला ते लिहायचं राहिलंय. ते असं, की पुन्हा डायलला हात लावायची माझी तयारी नव्हती, म्हणून हँडल तिने धरलं होतं. मी टॉर्च धरला होता.

ता. क. ३ आज तिया कार्मेच्या भावाचा शाफ्ट आला आहे, आणि मानांग सकाळपासून मशीनवर आहे. तेव्हा बोटीच्या स्टोअरमध्ये लहान मापाचा सुरक्षेचा चष्मा मिळाला तर कोणाच्या तरी हाती पाठवा. तुमचा तिच्या नाकावरून घसरतो. तुम्ही आल्यावर मशीनसमोर कोणी उभं राहायचं ते तुम्ही दोघं बघा. मला टेकूची, टेलस्टॉकची बाजू चालेल.