वैशाखातला अनंत

बाबूजी,

तुमच्या नर्सरीत आता संत्र्याच्या कलमांपेक्षा फुलझाडं जास्त आहेत. हे ऐकून तुमच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू द्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की त्या आठ्यांची भीती उरलेली नाही, सवय मात्र सुटलेली नाही. काटोल रोडच्या दोन्ही बाजूंना इमारती झाल्या. तिथल्या लोकांना संत्र्याचं झाड लावायला जागा नाही, त्यांना गॅलरीत ठेवायला कुंडी हवी असते. मी त्यांना कुंड्या विकते आणि त्यावर नर्सरी चालते. संत्र्याचे खुंट अजून लावते, त्यांत कलमाचे डोळेही स्वतःच भरते, आणि कलमावर पट्टी गुंडाळताना मागून कोणीतरी "घट्ट बांध वं, पाणी शिरीन" म्हणेल असं अजूनही वाटतं. पण आज संत्र्याचं काही सांगायचं नाही. विहिरीजवळच्या अनंताचं सांगायचं आहे, आणि त्याच्यापासून मी जे नवं झाड केलं त्याचं.

तो अनंत तुम्ही सिव्हिल लाइन्सच्या कुठल्याशा बंगल्यातून फांदी मागून आणला होता. सगळ्या नर्सरीत विकायचं नाही असं ते एकच झाड. पावसाळ्यात तो चार-सहा फुलं द्यायचा, पांढरीशुभ्र, पाकळ्यांनी गच्च भरलेली, आणि वास इतका की स्वयंपाकघरात आईची फोडणीसुद्धा मागे पडायची. पण तुम्हाला तो पावसाळ्यात नको होता. तुम्हाला तो वैशाखात हवा होता, बुद्धपौर्णिमेला विहारात वाहायला. उन्हाळा लागण्याआधी कळ्या धरायच्या, तुम्ही रोज सकाळी त्या वाकून बघायचात, बुडाशी ताक ओतायचात, तुरटीचं पाणी घालायचात. आपली काळी चुनखडीची माती त्याला सोसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून घालायचात. मग चैत्र सरता सरता ऊन भाजायला लागलं की पानं पिवळी पडायची, कळ्या तपकिरी होऊन गळायच्या. पौर्णिमेच्या सकाळी पांढरा सदरा चढवून तुम्ही बाजारातून मोगरा आणायला निघायचात. "नर्सरीवाला अन् फूल इकत आणते," विहारात कोणीतरी हमखास म्हणायचं. तुम्ही तिथे हसायचात. घरी येईपर्यंत ते हसू संपलेलं असायचं.

मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झाडावर तीन कळ्या उरल्या आहेत, फुगलेल्या पण बंद, आणि मला ठाऊक आहे की उद्यापर्यंत त्याही गळणार. मी त्या तोडते, विहिरीच्या काठावर बसून नखानं एकेक पाकळी सोडवते आणि पाण्याच्या वाटीत ठेवते. फार शहाणपण केलं असं वाटत असतं. सकाळी वाटी तुमच्यासमोर धरते तर पाकळ्यांवर जिथे जिथे नख लागलं तिथे तिथे तपकिरी डाग. तुम्ही आवाज चढवला नाही. वाटी हातात घेतली आणि म्हणालात, "जबरदस्तीनं उघडलेलं फूल वाहत नाहीत, वं. त्याची येळ झाली नव्हती." आणि मोगरा आणायला गेलात. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता, कारण मी ते तुमच्यासाठी केलं होतं.

पुढे कृषी महाविद्यालयात गेल्यावर पहिल्याच वर्षी मी जेवताना तुम्हाला सांगितलं की आपण वैशाखात फुलणारा अनंत तयार करू. टेकडीवर डिकेमालीची झाडं भर उन्हात, दगडात, पानं नसताना फुलतात. तीही अनंताच्याच कुळातली. तिचा पराग आपल्या अनंताला लावायचा. तुम्ही हातातला घास परत ताटात ठेवलात. डिकेमाली म्हणजे आई आम्हाला जंत झाले की उगाळून द्यायची तो कडू, घाण वासाचा डिंक. "पोटातले जंत मारायचं औषध अन् अनंत?" तुम्ही म्हणालात. "वाघाचं अन् गाईचं लगन लावून राहिली का वं? बी लावून फूल पाहाले दहा वर्स जातीन. तोवर खाशीन काय?" आई हसली, मी ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात नेलंत, जिथे घर बांधताना उरलेला चुना, विटांचा चुरा आणि रेती पडली होती. तिथे तणसुद्धा नीट उगवत नव्हतं. "हा तुकडा तुले," तुम्ही म्हणालात. "इथं जगलं त कुठंही जगीन." ती भेट होती की टोमणा, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्ही असेपर्यंत त्या तुकड्यात माझं काही जगलंही नाही.

तुम्ही गेल्यावर मी ते काम हट्टानं धरलं. खरं तर तुमच्यावरच्या रागानं धरलं, आणि राग कधी निवला ते कळलं नाही, काम मात्र सुटलं नाही. दरवर्षी चैत्रात टेकडीवर जायचं, डिकेमालीच्या फुलातला पराग कागदाच्या पुडीत बांधून आणायचा, तो फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी जपायचा, आणि पावसाळ्यात आपला अनंत फुलला की सकाळी सकाळी कुंचल्यानं त्याच्यावर लावायचा. वर कागदी पिशवी, तिला दोरा. बहुतेक वेळा पिशवीत सुकलेलं फूलच सापडायचं. कधी फळ धरलं तर आत पोकळ. कधी बी उगवलं तर रोप पांढरंफटक, आठवड्यात मान टाकणारं. घरात सगळ्यांनी चेष्टा करून करून चेष्टा करणंही सोडून दिलं. मग एका वर्षी एकाच फळातून जी थोडी रोपं आली त्यातलं एक टिकलं. पान अनंतासारखं चकचकीत, पण जाड आणि खरबरीत, शेंड्याला डिंकाचा पिवळा ठिपका. ते मी काही वर्षं हिरव्या जाळीखाली कुंडीत वाढवलं. त्याच्या फांद्या लावून पाहिल्या, एकीलाही मुळ्या फुटल्या नाहीत. म्हणजे जगात ते झाड एकच, आणि ते माझ्या कुंडीत.

गेल्या पावसाळ्यात मी ते कुंडीतून काढून त्या चुन्याच्या तुकड्यात लावलं. आपल्या नर्सरीत कामाला येणाऱ्या काकूनं मला वेड्यात काढलं. तुम्हाला आठवत असेल ती, कुहीकडून लग्न होऊन आलेली, तुमच्या हाताखाली निंदण करता करता डोळे बांधायला शिकली ती. आता कमरेत वाकली आहे, तरी रोज येते. उन्हाळा चढायला लागल्यावर ती जाळी घेऊनच उभी राहिली. "एकच त झाड हाये. जाळी बांध वं, जळून जाईन." मी म्हटलं, जाळीखाली फुललं तर त्याचं मला काय कौतुक? जाळीखाली काहीही फुलतं. लोकांच्या अंगणात कोण जाळी बांधणार आहे? जळलं तर जळू दे, मी पुन्हा पुडी बांधून टेकडीवर जाईन. म्हणाले खरी, पण त्या रात्री दोनदा उठून कोपऱ्यात जाऊन आले. इतक्या वर्षांचं एकुलतं एक झाड मी स्वतःच्या हातानं उन्हात ठेवलं होतं.

आणि चैत्रात त्याच्यावर कळ्या आल्या. पहिल्यांदाच. हिरव्या, पीळ पडलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. पौर्णिमा पुढ्यातच होती. मी कोणाला बोलले नाही, नजर लागेल म्हणून नव्हे, तुमच्यासारखं रोज वाकून बघायला मला लाज वाटत होती म्हणून. जयंतीच्या दिवशी नर्सरी बंद ठेवून मी दीक्षाभूमीवर जाऊन आले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात गेले तर झाडावर एकही कळी नाही. गळालेल्या नव्हत्या. देठाशी नखानं स्वच्छ खुडलेल्या होत्या.

मी काकूला हाक मारली. ती पाण्याची नळी टाकून आली. "हो, म्याच खुडल्या," ती सहज म्हणाली. "पयल्या वर्साच्या झाडाले फुलू देत असतेत का? झाड खचते. बाबूजीनंच त शिकवलं."  खरंच तुम्हीच शिकवलं होतं. जमिनीत नव्यानं बसवलेल्या कलमाला पहिल्या वर्षी बहर धरू द्यायचा नाही, कळ्या खुडायच्या, जोर मुळांत जाऊ द्यायचा. तिच्या हाताला ते इतकं मुरलं आहे की डोळ्यांना विचारायची गरजच पडली नसेल. तिला ओरडू तर कशावरून? मी घरात आले, दार लावलं आणि तुम्हाला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. पौर्णिमेला बाजारातून मोगरा आणला. विहारात कोणी काही म्हणालं नाही. ते म्हणणारे आता कोणी राहिलेले नाहीत.

मी त्या झाडाचा नाद सोडायचा असं ठरवलं नाही, पण यंदापुरतं मन काढून घेतलं. वाचलं तरी पुष्कळ, असं म्हणून सकाळी एक बादली पाणी घालत राहिले. मग मेअखेरीस नवतपा लागला. तुम्हाला नागपूरचा नवतपा सांगायला नको. पारा पंचेचाळिशीच्या वर, डांबर मऊ, कूलरसुद्धा गरम हवा फेकणारा, आणि विहिरीजवळचा जुना अनंत नेहमीसारखा पिवळा पडून उभा. एका सकाळी बादली ओतताना मला कोपऱ्यातल्या झाडाच्या शेंड्यांवर नव्या कळ्या दिसल्या. बादली खाली ठेवून मी तिथेच उकिडवी बसले. बाबूजी, अनंत उन्हात कळी टिकवत नाही एवढंच नाही, तो उन्हात नवी कळी धरतच नाही. त्याला थंड रात्री लागतात. हे झाड ऐन भट्टीत नव्यानं कळ्या धरत होतं. काकूनं पहिल्या कळ्या खुडल्या नसत्या तर त्या पौर्णिमेपर्यंत उघडल्या असत्या आणि मी तेवढ्याच उन्हाला जिंकून खूश झाले असते. खरी परीक्षा मी ठरवलेलीच नव्हती. ती तिच्या नखांनी आणि तुमच्या शिकवणीनं घडली.

एकही कळी गळाली नाही. रोज एखादी तपकिरी होईल म्हणून मी बघत होते आणि त्या रोज फुगत होत्या. काल ऊन उतरल्यावर पहिली उघडली. आपल्या अनंतासारखं भरगच्च फूल नाही, एकेरी आहे, सहा रुंद पाकळ्या, पण पांढरं असं की भोवतीचा चुनाही मळका वाटावा. मी काकूला हाताला धरून आणलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, वाकून नाक लावलं, डोळे मिटले. "आला ना वं वास," ती म्हणाली. "बाबूजीच्या अनंताचाच हाये." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, आणि मी मान हलवली.

रात्रभर मी हिशेब करत होते. खुडल्यापासून फूल यायला साधारण दीड महिना लागला. तुम्ही संत्र्याचं पाणी तोडून, झाडाला ताण देऊन हवा तेव्हा बहर आणत होतात, तसं मला हे झाड फाल्गुनात खुडून वैशाखात फुलवता येईल. पुढच्या बुद्धपौर्णिमेला, झाड जगलं तर, बाजारात जावं लागणार नाही. आजच सकाळी शेजारच्या सोसायटीतल्या दोघींनी कुंपणावरून फूल पाहिलं आणि रोप मागितलं. रोप नाही, मी म्हटलं. मिळेल कधी? माहीत नाही, म्हटलं. त्यांना मी तुसडी वाटले असेन. पण ज्याची आपल्यालाच खात्री नाही ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, आणि माझी खात्री झालेली नाही.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात याचा मी दिवसभर विचार केला. बहुतेक काहीच नाही. मागे हात बांधून झाडाभोवती एक चक्कर मारली असती आणि बुडाशी पाणी तुंबतंय म्हणाला असतात. मला तेवढंही चाललं असतं. तुमची आठवण मला अशी कामाच्या मधेच येते, आणि फार येते.

पूजेला फूल वाहताना जी गाथा म्हणतो तिच्यात फुलाच्या रंगाबरोबर गंधही येतो. तुम्ही ती शब्द न शब्द स्पष्ट म्हणायचात, घाई करायचा नाहीत. म्हणून आज पहाटे मी नव्या फुलातला पराग कागदाच्या पुडीत घेतला आहे. तो फ्रिजमध्ये राहील. पाऊस पडून जुना अनंत फुलला की त्याच्यावर लावीन आणि त्याचं बी धरीन. पुन्हा चार-पाच वर्षं. मी साठीला आले आहे, पण गुडघे अजून मातीत बसू देतात. उन्हात टिकणं मला मिळालं. आता दुसरं आणायचं आहे आणि मी ते आणणार आहे.

हे पत्र टाकायला पेटी कुठे आहे म्हणा. असती तरी आज टाकलं नसतं. काल काकूनं विचारल्यावर मी हो म्हणून मान हलवली, आणि ती घरी जाऊन सुनेला, नातवंडांना तेच सांगत असेल. तिला मी खरं सांगणार नाही. तुम्हाला सांगते. मी अंधार पडेपर्यंत त्या फुलापाशी बसले, पुन्हा पुन्हा नाक लावलं. त्याला वास नाही, बाबूजी.