बिजली माझ्या हातून गेली त्याबद्दल

केशोरी,
शुक्रवार

प्रिय शामकला,

तुला आठवतं का गं, गोंदिया स्टेशनहून कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात जाताना दुलीचंदच्या टांग्यात आपण नेहमी मागे, सुटणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसायचो? माझी पेटी तुझ्या पायाशी, तुझा मुरमुऱ्यांचा डबा माझ्या मांडीवर. फाटकाशी टांगा थांबला की तू आधी उडी मारायचीस आणि त्याच्या घोडीला, बिजलीला, मूठभर मुरमुरे द्यायचीस. ती तुझा तळवा चाटून लख्ख करायची. (तोच हात न धुता तू प्रार्थनेला जोडायचीस. सिस्टरना मी कधी सांगितलं नाही. या पत्रात माझ्या बाजूची एवढी एकच गोष्ट आहे, म्हणून ती आधी लिहून घेतली.)

तुझा नवा गुडघा काय म्हणतो? नागपूरचे डॉक्टर चालवत असतील ना रोज थोडं? नात जवळ आहे म्हणून मला काळजी नाही. टीनाचं ऐकत जा. आमचं धान कापून झालं, मी बरी आहे. आता पाय उशीवर ठेव, पाणी पिऊन घे आणि मग पुढे वाच.

शामू, बिजली गेली. टांग्याची नव्हे, ती तर केव्हाच गेली. तू फोनमधल्या घोड्यांच्या खेळात दोन वर्षं वाढवलेली, अकरा शर्यती जिंकलेली, ऑपरेशनला जाताना 'महिनाभर हिला सांभाळ' म्हणून माझ्या तबेल्यात पाठवलेली बिजली. हे फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. तीनदा तुझा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला.

घडलं कसं ते सांगते. खेळ तूच शिकवलास, पण मी काय शिकले ते तुला कळायला हवं. नवीन माणसाला एक तबेला, दोन घोडे आणि थोडा चारा मिळतो, इथवर सगळं सोपं होतं. माझ्या दोघांची नावं मी लाखोरी आणि टेंभरू ठेवली. प्रत्येक घोड्याच्या नावाखाली तीन पट्ट्या: ताकद, आराम आणि मन. दौड करवली की ताकद वाढते पण आराम घटतो, हे तू सांगितलं होतंस. मला मात्र आपली पी.टी. आठवली आणि पहिल्याच दिवशी मी लाखोरीला आठ वेळा पळवलं. दुसऱ्या दिवशी तिची शर्यत होती. (कधीच न जिंकलेल्या घोड्यांची, म्हणजे सगळी बिचारीच.) बाकीचे तबेल्यात जाऊन पाणी प्यायले असतील, तेव्हा लाखोरी पोचली. त्यात शर्यत सुरू झाली की आपल्या हातात काही नसतं, अंतर आणि जॉकी आधीच निवडायचा आणि नुसतं बघायचं, हे मला पचेना. मी उभी राहून हाकारत होते. आमची स्वयंपाकाची फुलवंता पोळी लाटणं सोडून बघायला आली. म्हणाली, "बाई, घोडा त फोनात हाय, मंग अंगणातली गाय कायले भिवून पळून राहिली?"

तर बिजली. तिला नुसतं बसवून ठेवू नकोस, एखादी सोपी शर्यत पळव, असं तूच म्हणाली होतीस. (तुझ्यावर ढकलत नाही, नुसतं नमूद करते.) मी यादीतली सर्वांत सोपी शोधली. खाली बारीक इंग्रजीत नियम होता की शर्यत सुटण्याआधी कोणीही तुमच्या घोड्याला मागणी घालू शकतो. इंग्रजी मला नीट कळलं, तिथे सिस्टरना दोष नाही. पण मी केशोरीच्या घरची सून. आमच्या सासऱ्यांची बैलजोडी शंकरपटाच्या शर्यतीत पळायची तेव्हा पट संपला की लोक बैलाच्या पाठीवर हात ठेवून विचारायचे, 'देता का?' मागणी येणं हाच मान. सासरे त्यांना चहा पाजायचे, सुपारी द्यायचे आणि नाही म्हणायचे. मागणाराही नकार ऐकून खूश होऊन जायचा. बैल खरंच दिला असता तर बिचारा घाबरला असता.

मला वाटलं, कोणी बिजलीला मागेल, मी नम्रपणे नाही म्हणेन आणि तुला अभिमानाने कळवेन. बिजली पहिली आली, शामू. काय पळाली! मी टाळ्या वाजवल्या आणि तबेल्यात जाऊन बघते तर तिची जागा रिकामी. दुर्गेश नावाच्या कोणीतरी तिला मागितलं होतं आणि खेळाने मला न विचारता देऊन टाकलं. नाही म्हणायला जागाच नव्हती. मी सगळीकडे बोट लावून पाहिलं. फुलवंताने तर सरळ सुनावलं, "दुसऱ्याची अमानत पटावर न्यायचीच काऊन? आमी त कोंबडीबी नेत नाई."

मग मला ती दिवाळीची सुट्टी आठवली. आपण परत आलो तर दुलीचंद सायकल रिक्षा ओढत होता आणि बिजली विकली गेली होती. तू तीन दिवस जेवली नाहीस. आणि मी तुला म्हणाले, 'घोडीच तर होती.' हे वाक्य पन्नास वर्षं माझ्या पेटीत तळाशी पडून आहे. फोनातली एक रिकामी चौकट बघून मी चष्मा काढून रडले, तेव्हा ते वर आलं. मला माफ कर. आत्ताच्या बिजलीसाठी नाही जमलं तर निदान तेव्हाच्या बिजलीसाठी.

तुझी,
सुशी

ता. क. १: वरचं लिहून झाल्यावर दुर्गेशला मी खेळातूनच पत्र लिहिलं, मायना आणि समारोपासह. उत्तर आलं, "आंटीजी, रोइए मत. अपने दोनों घोड़े दे दो, घोड़ी ले जाओ." दिले. बिजली आत्ता संध्याकाळी आली आणि लगेच तुझ्याकडे पाठवली. तू रविवारपर्यंत 'स्वीकार' दाबलं नाहीस तर ती माझ्याकडे परत येईल, आणि माझ्या हाती ती सुरक्षित नाही हे आता तू जाणतेस.

ता. क. २: पोस्टाने हे पत्र रविवारनंतर पोचेल, हे फुलवंताच्या लक्षात आलं. म्हणून उद्या सकाळच्या बसने मीच घेऊन येते. टीनाच्या हाती देऊन जिन्यात बसेन. वाचून झालं की हाक मार. नाही मारलीस तर संध्याकाळची बस आहे.

ता. क. ३: वाटणी अशी. बिजली तुला. लाखोरी आणि टेंभरू दुर्गेशकडे गेले. लाखोरीला आठ वेळा पळवू नये, असं मी त्याला कळवलं आहे. खेळातला उरलेला चारा आणि घोड्याची निळी झूल टीनाला. पत्रासोबतच्या डब्यात मुरमुरे आहेत. अर्धे टीनाला, अर्धे तुला. त्यातले मूठभर बाजूला ठेव, आपण दोघींनी मिळून खायला.